बोट आधी, सूर मागून

त्या उन्हाळ्यात मी माझ्याच हाताकडे चोरून बघायला लागलेले. भाजी चिरताना, रिक्षातला दांडा धरून बसलेली असताना, कुकरचं झाकण लावताना. उजवा हात. हलतोय का, मागे राहतोय का, डाव्यापेक्षा जड वाटतोय का. कोणी बघतंय असं वाटलं की हात लगेच ओढणीखाली. घरात नवरा आणि माझे बाबा, दोघंच. दोघांनाही यातलं काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलेलं, आणि ते मला छान जमतंय अशी माझी समजूत होती.

भीती कशाची ते आधीच सांगून टाकते, उगाच ताणत बसत नाही. बाबांना कंपवात आहे. आणि तोच आता माझ्या हातात उतरलाय, अशी माझी खात्री झालेली.

मी कीबोर्ड वाजवते, लग्नाआधीपासून. आमचा लेडीज ऑर्केस्ट्रा होता. उल्हासनगर, अंबरनाथपासून ठाण्यापर्यंत आम्ही स्टेज करायचो. हळदी, बारशी, गणपती, आणि जयंतीच्या दिवसांत तर एका स्टेजवरून उतरायचं, टेम्पोत कीबोर्ड टाकायचा आणि दुसऱ्या स्टेजवर चढायचं. मग लोकांनी ऑर्केस्ट्रा बोलवायचं सोडलं. एक गायक आणि एक पेन ड्राइव्ह, झाला कार्यक्रम! त्या पेन ड्राइव्हमध्ये जे वाजतं ते आता मी बनवते. ज्याने माझ्या पोटावर पाय दिला त्याच्याच पंगतीला जाऊन बसले, दुसरं काय करणार. डोंबिवलीच्या घरात, आतल्या खोलीत बसून मी अख्ख्या गाण्याचं संगीत एकटीने वाजवते, रेकॉर्ड करते आणि माजिवड्याच्या एका स्टुडिओत पाठवून देते. तिथे गायक येतो आणि त्यावर गातो.

बाबा शहाडच्या एका कारखान्यात होते आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. त्यांच्या पार्टीत एक कायदा होता, आणि कायदा करणारे बाबाच. वाद्याला नाव ठेवायचं नाही. पेटी बेसूर असो, ढोलकीची पुडी सैल पडलेली असो, माईक शिट्ट्या मारत असो, चुकलं की 'माझं चुकलं' म्हणायचं आणि पुढे वाजवायचं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर पेटीवर बसायचे. एकदा तालमीत मी म्हणाले, "ही पट्टीच अडकते." बाबांनी पेटी उचलली आणि शेजारच्या मुलीपुढे ठेवली. तिने त्याच अडकणाऱ्या पट्टीवर अख्खं गाणं वाजवून दाखवलं, मेलीने! तेव्हापासून यंत्राला दोष देणं माझ्या तोंडून निघतच नाही. मिक्सरमध्ये चटणी जाडी राहिली तरी मी आधी माझंच काय चुकलं ते शोधते.

तर गेल्या वर्षी मी खरे सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, घेतले. म्हणजे कॉम्प्युटरमधले नाही, टेबलावर ठेवायचे, खुंट्या फिरवायचे, चालू केल्यावर गरम होणारे. एक जुना जड सिंथ, एका वेळी एकच सूर काढणारा, पण काढतो असा की छातीत वाजतो. त्याच्यावर मी गाण्याचा बेस, म्हणजे खालचा जाड सूर, वाजवते. दुसरा त्याहून नवा, बासऱ्या-तारांसाठी. नवरा म्हणाला, "अगं, हे सगळे आवाज कॉम्प्युटरमध्ये फुकट मिळतात ना?" म्हटलं, "दुधाची पावडरही मिळते. मग तू सकाळी पिशवी का आणतोस?"

आता वायरींचं सांगावं लागेल, कारण सगळी भानगड तिथेच झाली. आधी माझं साधं होतं. कीबोर्डची वायर आवाजाच्या छोट्या मिक्सरमध्ये, मिक्सरमधून एक वाट माझ्या हेडफोनला, दुसरी कॉम्प्युटरला. मी वाजवलेलं मला थेट ऐकू यायचं, कॉम्प्युटर आपला गुपचूप लिहून घ्यायचा. नवे सिंथ आले आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, आता सगळं नीट, स्टुडिओसारखं करायचं. मिक्सर काढून टाकला. सगळ्या वायरी नव्या इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या डबीत, घातल्या. आवाज आत गेला की तिथे त्याला घुमारा वगैरे लावायचा आणि मग तो सजलेला आवाज हेडफोनमध्ये ऐकत वाजवायचं. ऐकायला काय गोड लागायचं! शिवाय या कीबोर्डांच्या कळा आणि त्यांचा स्वतःचा आवाज यांची फारकत करता येते. तीही केली. कळ दाबली की निरोप कॉम्प्युटरला, मग कॉम्प्युटर ठरवणार कुठल्या सिंथने वाजायचं. एका कीबोर्डवर बसून सगळ्यांवर राज्य.

म्हणजे झालं काय, तर मी कळ दाबायची. निरोप कॉम्प्युटरला, तिथून सिंथला, सिंथचा आवाज डबीत, डबीतून परत कॉम्प्युटरात, तिथे घुमारा लावून घेऊन पुन्हा डबीत, आणि मग माझ्या कानात. नौपाड्यातून शेजारच्या ठाणे स्टेशनला जायचं आणि रिक्षावाल्याला सांगायचं घोडबंदर, भिवंडीवरून घे, त्यातला प्रकार. पण तेव्हा मला त्या वायरींचा इतका अभिमान की मी त्यांचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवलेले.

त्यात कॉम्प्युटर जुना. गाण्यात वाद्यं वाढली की तो चटचट आवाज करायला लागायचा, कढईत पाण्याचा थेंब पडल्यासारखा. त्यावर उपाय म्हणजे बफर वाढवायचा. बफर म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा एका वेळी जेवढा घास घेतो तेवढा. घास मोठा केला की चटचट थांबते, पण मोठा घास चावायला वेळ लागणार. मी एकदा वाढवला, मग थोडा अजून, मग अजून. या उशिराला लेटन्सी म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. चांगलं माहीत होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तो उशीर लिहूनही येतो. आकडा अगदी किरकोळ दिसायचा, म्हणून मी निर्धास्त. तो आकडा अर्धवट असतो, निरोपाचा हेलपाटा आणि बाकीची फिराफिर त्यात धरलेलीच नसते, हे कळायला मला अख्खा उन्हाळा लागला.

आणि मग माजिवड्याहून मेसेज आला. "ताई, बेस मागे पडतोय. परत वाजवून पाठवा ना."

मी तो तीनदा वाचला. दुसऱ्या कोणी एकदाच वाचला असता. म्हटलं असतं, बरं बाबा, वाजवते परत. पण 'मागे पडतोय' हे शब्द आमच्या घरात आधी येऊन गेलेले.

बाबांचं असंच सुरू झालं. थरथर फार नंतरची. आधी ढोलकी मागे पडायला लागली. इतकी थोडी की ऐकणाऱ्याला कळू नये, पण गाणाऱ्याला कळायची. पार्टीचे मुख्य गायक बाबांचे शाळेपासूनचे मित्र. एका कार्यक्रमानंतर ते हळूच म्हणाले, "हात मागे पडतोय रे तुझा." बाबा म्हणाले, "माझं चुकलं." पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा चुकलं. त्याच्या पुढच्याला पण. बाबा घरी मांडीवर उशी घेऊन सराव करायचे, आम्हाला त्रास नको म्हणून. शेवटी स्वतःहूनच ढोलकी पार्टीकडे ठेवून आले. आम्हाला वाटलं, वय झालं. मग शर्टाच्या बटणांना वेळ लागायला लागला, सही बारीक होत गेली, चालताना एक हात हलेनासा झाला, तेव्हा कुठे आम्ही नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? बाबा म्हणाले, "ढोलकीवर."

म्हणून मी लगेच रेकॉर्डिंग स्क्रीनवर उघडून बघितलं. तालाच्या रेघा उभ्या आखलेल्या असतात, आणि वाजवलेला सूर उंचवट्यासारखा दिसतो. प्रत्येक उंचवटा रेघेच्या मागे. एकही रेघेवर नाही. मी परत वाजवलं. परत मागे. मग मी मुद्दाम पुढे ढकलून वाजवायला लागले, तर काही सूर रेघेच्या पुढे उड्या मारायला लागले आणि काही तरीही मागेच. वीस-बावीस वर्षांचा हात माझा, स्टेजवर लाइट गेली तरी लय सोडली नाही, आणि आता साधा बेस बसेना. जितकी जास्त धडपडायचे तितकं जास्त बिघडायचं. बाबांचंही तसंच व्हायचं, ते आठवलं की हात आणखीनच आखडायचा.

मग मी नेटवर वाचायला लागले. वाचू नये ते सगळं वाचलं. सही बारीक होते म्हणे, म्हणून भाजीच्या पिशवीवर, लाइट बिलावर, जिथे मिळेल तिथे सही करून बघायचे. सुईत दोरा ओवून बघायचे. ओवला गेला की जरा बरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, डाव्या हातानेच सुई पुढे केली असेल. वास कमी होतो असंही वाचलेलं, म्हणून मसाल्याचे डबे उघडून हुंगत बसायचे. नवऱ्याने विचारलं, "जिऱ्यात किडे झाले का गं?" म्हटलं, "झाले." त्याने बिचाऱ्याने जिरं फेकून नवं आणलं.

बाबांना घेऊन नौपाड्यात जायची वेळ आली. डॉक्टर दर खेपेला त्यांना अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर भराभर आपटायला सांगतात. बाबा आपटत होते. सुरुवातीला मोठं, मग लहान, अजून लहान, मग बोटं डिंकाने चिकटल्यासारखी. आणि टेबलाखाली, पर्सच्या आड, मी माझी बोटं आपटत होते. भराभर जमलं. मग वाटलं, थांब, शेवटची दोन लहान झाली का? परत आपटली. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?" विचारायचंच तर होतं! पण म्हटलं, "गोळी जेवणाआधी द्यायची की नंतर?" ती गोळी बाबा कितीतरी वर्षं घेतायत आणि मीच देते. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. खाली आल्यावर बाबा म्हणाले, "तुला गोळीची वेळ माहीत नाही?" "विसरले," म्हटलं. रिक्षा येईपर्यंत बाबा माझ्या हाताकडे बघत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली एक दुपार. नवरा ऑफिसात, बाबा बाहेरच्या खोलीत कॉटवर, त्यांची झोपायची वेळ. मी त्याच बेसशी झटत बसलेले. माजिवड्याला नवीन रेकॉर्डिंग पाठवलेलं, त्याचं उत्तर आलं, "ताई, आधीचंच बरं होतं." झालं. माझं डोकंच फिरलं. हेडफोन काढून गादीवर फेकला आणि नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "मी हे सगळं विकून टाकते."

"काय झालं?"

"काही नाही. कंटाळा आला."

"तुला? वाजवायचा?"

मी फोन ठेवून दिला. तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक आली. त्यांचा आवाज आजाराने बारीक झालाय, हाक मारली तरी कुजबुजल्यासारखी वाटते. मी दारात गेले.

"कशाला विकतेस?"

"जमत नाही आता, बाबा."

"काय जमत नाही?"

इतके दिवस तोंड शिवून बसलेले, आणि बोलले तर नेमकी ज्यांना सांगायचं नव्हतं त्यांनाच. म्हटलं, "बाबा, हात मागे पडतोय माझा." आणि तिथेच फरशीवर फतकल मारून बसले. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

"नाही पडत," बाबा म्हणाले.

मला रागच आला. "तुम्हाला काय माहीत? आवाज तर माझ्या हेडफोनमध्ये असतो. बाहेर काही ऐकूच येत नाही."

"आवाज नाही ऐकत मी. तुझी बोटं ऐकतो."

त्याचं असं. ताल धरायला जी क्लिक लावतात ती मला कानात टोचते, म्हणून मी ती टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर लावते. हेडफोनमध्ये फक्त गाणं आणि माझा सिंथ. त्यामुळे बाहेरच्या खोलीत सूर अजिबात जात नाही. जाते ती क्लिकची टिकटिक आणि माझी बोटं कळांवर पडतात त्याची ठकठक. बाबा कॉटवर पडून तेवढंच ऐकत होते. ढोलकीवाल्याला तेवढं पुरतं.

"क्लिकवर पडतात बोटं," बाबा म्हणाले. "बरोबर मध्यावर. आता आता तू उगाच पुढे पळतेस, ती घाई आहे. पण मागे एकही नाही."

"मग रेकॉर्डिंगमध्ये मागे का येतं?"

"ते मला काय विचारतेस? मला तिथे नेऊन बसव."

मी त्यांना धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं. बाबा त्या खोलीत फारसे येत नाहीत, खाली वायरींत पाय अडकायची भीती. त्यांनी आधी मला हेडफोनशिवाय वाजवायला लावलं. नुसती क्लिक आणि नुसती बोटं. मलाही आता ऐकू आलं, टिक आणि ठक एकाच जागी पडत होते. मग म्हणाले, "ते कानाचं मला घाल." मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला. "आता एकच सूर दाब. थांब. परत दाब." ते माझ्या बोटाकडे एकटक बघत होते. मी दाबला, परत दाबला.

बाबा म्हणाले, "अगं, बोट आधी पडतंय. सूर मागून येतोय."

"किती मागून?"

"एवढ्यात मी अजून एक थाप मारली असती."

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून जवळजवळ ओढूनच घेतला. कळ जोरात आपटली. ठक, आणि मग सूर. ठक, आणि मग सूर. कपाळ माझं! इतके दिवस ही फट माझ्या डोळ्यांसमोर, कानांसमोर होती आणि मी ती माझ्या नसांमध्ये शोधत होते. मनात एकदा आजार घेऊन बसलं की माणसाला वायर दिसत नाही.

म्हटलं, "पण तुम्हीच शिकवलंत ना, पेटीला नाव ठेवायचं नाही?"

"ही काय पेटी आहे?" बाबा म्हणाले. "पेटीत बोट पडलं तिथेच सूर निघतो. हे तुझं पोस्टात टाकल्यासारखं आहे. टाकलं की कधी पोचेल त्याचा नेम नाही."

मी टेबलाखाली शिरले. स्टुडिओसारखं केलेलं सगळं उपसून काढलं. माळ्यावरचा जुना मिक्सर खाली आणला, पुसला, दोन्ही सिंथ त्यात जोडले. मिक्सरमधून एक वाट सरळ माझ्या कानाला, दुसरी कॉम्प्युटरला, फक्त लिहून घ्यायला. गाण्याची बाकीची वाद्यं कॉम्प्युटरकडून मिक्सरमध्ये येणार, पण माझाच आवाज मला फिरवून परत ऐकवायचा नाही, ते बटण बंद. कळांची आणि आवाजाची फारकत मिटवली, ज्याच्या कळा त्याचाच आवाज. घुमारा हवाच असेल तर मिक्सरमध्ये आहे थोडाफार, तो कानापुरता. आणि वाजवताना बफर लहान. जड जड इफेक्ट तेवढा वेळ झोपवून ठेवायचे, मग चटचटही होत नाही.

हे झालं ऐकण्याचं. पण मग रेकॉर्ड केलेलंही मागे का दिसत होतं, तो खिळा डोक्यात राहिलाच. म्हणून एक गोष्ट करून बघितली. क्लिक डबीतून बाहेर काढली आणि वायरीने सरळ त्याच डबीत परत घातली, आणि ती रेकॉर्ड केली. मध्ये माणूस नाही, हात नाही, बोट नाही. क्लिकने क्लिकवरच पडायला हवं. स्क्रीनवर बघितलं, तर क्लिक स्वतःच रेघेच्या मागे! जिला ना हात ना नस, तीसुद्धा मागे पडलेली! डबी ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते मी तिचं स्वतःचं कधी टाकलंच नव्हतं, काहीतरी कामचलाऊ होतं, त्याच्यावर सगळं निभावत होते. ते कॉम्प्युटरला उशिराचा हिशेब चुकीचा देत होतं आणि कॉम्प्युटर माझा प्रत्येक सूर इमानदारीत चुकीच्या जागी ठेवत होता.

त्या मागे पडलेल्या क्लिककडे बघून मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. बाबांना म्हटलं, "बघा, हिलापण कंपवात झालाय!" आणि बोलल्यावर जीभ चावली. पण बाबांचा खांदा हलत होता. ते हसतात तेव्हा चेहऱ्यावर काही दिसत नाही, खांदा हलतो.

डबीचं खरं सॉफ्टवेअर टाकलं, परत क्लिक फिरवून बघितली. रेघेवर. मग सिंथपुढे बसले. बोट ठेवलं, आणि बोटाखालीच सूर. जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! एकाच फेरीत अख्ख्या गाण्याचा बेस वाजवून मोकळी झाले, आणि तो स्क्रीनवर बघायचीही गरज वाटली नाही. माजिवड्याला पाठवला. उत्तर आलं, "ताई, आता कसा एकदम बसला! काय केलंत?" "वायर बदलली," म्हटलं. सगळं रामायण त्याला कशाला सांगू.

पुढच्या खेपेला नौपाड्यात मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. माझा हात मनगटात, कोपरात हलवून बघितला, बोटं आपटायला लावली, चालायला लावलं आणि म्हणाले, काही नाही, घरी जा. पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी नवरा घरी आला तो धास्तावलेलाच आलेला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढं मनात ठेवून एकटी फिरत होतीस? आणि मी जिरं फेकलं ते?" "चांगलं होतं," म्हटलं. त्यावर तो जो भडकला आहे! जिऱ्यावरून नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तो अंघोळीला गेला आणि मी बाबांचा चहा घेऊन कॉटवर बसले. त्यांना कप धरवत नाही, मी धरते, ते घोट घेतात. दोन घोट झाल्यावर त्यांनी मान बाजूला केली.

"मला वाटलेलं, मी दिलं तुला."

"काय?"

"हेच." त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "लय माझी घेतलीस. वाटलं, तिच्याबरोबर हेही गेलं. तू हात लपवत होतीस ना, मी बघत होतो. दुपारी झोपतो म्हणून तुला सांगायचो. नव्हतो झोपत. तुझं एक-एक बोट ऐकत पडायचो. आज मागे पडेल, उद्या पडेल."

म्हटलं, "मग नाही पडत हे सांगायचंत ना मला. इतके दिवस का थांबलात?"

"सांगितलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पडलं असतं तर?"

मी कप खाली ठेवला. बाबा म्हणाले, "हात दे." मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो त्यांच्या हातात घेतला, आणि दोन्ही हात थरथरायला लागले. त्यांचा कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो ते कळेना. सगळं कळून चुकलेलं असूनही एक क्षण मला वाटलं, माझाच हलतोय. बाबांना ते कळलं असावं. त्यांनी हळूहळू एक एक बोट सोडवत आपला हात काढून घेतला आणि माझा तसाच हवेत राहू दिला.

माझा हात हलत नव्हता.

बाबा बघत राहिले. चेहरा नेहमीसारखा कोरा, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं.

"सुटलीस," ते म्हणाले.